कडबाकुट्टीतलं रक्त

"दुसरा भाग पहिल्याच्या पासंगालासुद्धा पुरत नाही."

हे वाक्य मी दीड वर्ष तोंडात घोळवत होते. पार्लरमध्ये भुवया कोरताना, भाकरी थापताना, रिक्षाची वाट बघताना. मला ते इंद्रजीतच्या समोर, कॅमेऱ्यात बघून, सगळ्या शहराला ऐकू जाईल असं म्हणायचं होतं. फक्त ते खरं ठरायला हवं होतं, म्हणून त्याची तजवीज मी स्वतःच करून ठेवली होती.

माझं नाव विशाखा. मुकुंदवाडी स्टेशनाजवळ माझं पार्लर आहे. लग्नसराईत नवऱ्या नटवते, एरवी भुवया आणि फेशियल. तीन वर्षांपूर्वी मात्र मी दीड महिना माणसं मारायचं काम केलं. इंद्रजीत कॉलेजात मला दोन वर्षांनी मागं होता, लग्नाचे व्हिडिओ काढायचा. त्यानं सगळी जमापुंजी घालून बिडकीनजवळच्या एका शेतात सिनेमा काढला, 'कडबाकुट्टी'. गोष्ट म्हणाल तर चिमूटभर. बैलाचं मुसकं तोंडाला बांधलेला एक माणूस शेतावर सहलीला आलेल्या पोरापोरींना एकेक करून कडबा कापायच्या यंत्राकडं ओढत नेतो. का नेतो, हे इंद्रजीतलाही माहीत नव्हतं. पण रक्त बादल्यांनी होतं, आणि त्यातला थेंबन् थेंब मी केलेला होता.

गुळाचा पाक, बिटाचा रस, खायचा लाल रंग आणि दाटपणाला आरारूट. उन्हात झकास दिसायचं. पहिल्या दिवशी रात्रीच्या सीनला पिवळे हॅलोजन लावले आणि सगळं केशरी दिसायला लागलं. इंद्रजीत म्हणाला, "ताई, हे रक्त हाय का बुंदीचा पाक?" सगळे हसले. मी पातेलं उचलून तडक घरी आले. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, मोरीत माझ्या वडलांचा, आबांचा पांढरा सदरा नीळ लावायला काढून ठेवला होता. आमच्या घरात पांढरे कपडे फार, त्यामुळं निळीची बाटली कायम हाताशी. तिचं बूच ढिलं होतं. रागारागात पातेलं आदळलं तसे बाटलीतले दोन थेंब त्यात पडले. ढवळून बघते तर पाकानं रंगच पालटला. काळपट, जड, कुणाच्या तरी अंगातून आत्ताच निघाल्यासारखा. माझे हात कोपरापर्यंत भरले होते. आबा दारात आले, बघितलं आणि धावत येऊन त्यांनी माझं मनगट घट्ट दाबून धरलं. "कुठं लागलं, विशा? कुठं लागलं?"

त्या क्षणी मला कळलं की आपल्याला जमलं.

बाकी मग हाल होतेच. गुळाला मुंग्या लागायच्या, मेलेली पोरं मुंग्या चावल्या की उठून बसायची. तोंडातून ओकायच्या रक्तात नीळ चालत नाही, तिथं काळ्या मनुकांचं पाणी वापरलं. प्रणय म्हणून इंद्रजीतचा मेहुणा होता, तो माझ्या बादल्या इकडून तिकडं न्यायचा. तेवढंच त्याचं काम. तेही सांडत करायचा.

सिनेमा लागला आणि शहर वेडं झालं. स्टेशन रोडच्या जुन्या टॉकीजला सात आठवडे चालला. पहिल्याच खुनाला एक जण चक्कर येऊन पडला म्हणे. निलोफर नावाच्या बिडकीनच्या मुलीचा त्यात छोटा रोल होता, ती मरते तेव्हा तिच्या सख्ख्या आईनं थेटरात डोळे झाकून घेतले होते. लोक बाहेर येऊन रक्ताबद्दलच बोलायचे. मी आबांना घेऊन गेले. आबा रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. तोच नीळ लावलेला सदरा घालून आले. त्यांना वाचता येतं, पण अक्षर अक्षर जोडून. शेवटी पडद्यावर नावं वर सरकायला लागली तसे ते पुढं वाकून वाचू लागले. 'विशेष प्रभाव : प्रणय' असं आलं आणि गेलं.

"तुझं पुढं येतं का?" आबांनी विचारलं.

पुढं काहीच आलं नाही. दिवे लागले, झाडूवाला आला, तरी आबा पडद्याकडं बघत बसले होते. मुलीचं नाव निसटून गेलं, आपल्यालाच पटकन वाचता आलं नाही, असं त्यांना वाटलं. घरी येईपर्यंत ते तेच म्हणत होते. "लई भरभर पळवत्यात नावं."

इंद्रजीतला विचारलं तर म्हणाला, "ताई, नावं आधीच बनली होती. प्रणय घरातला, बायकोपुढं माझं काय चालतं? पुढच्या टायमाला बघू की." मजुरी त्यानं चोख दिली होती, भांडण पैशाचं नव्हतंच. मग कुठल्याशा महोत्सवात प्रणयला ढाल मिळाली. आयत्या बिळावरचा हा नागोबा माईक धरून म्हणाला, रक्ताचा अभ्यास मी लहानपणापासून करतोय. मी तो व्हिडिओ पार्लरमध्ये बसून तीनदा बघितला. ज्याला बादली धड उचलता येत नाही त्याच्या हातात ढाल. त्या दिवशी मी डूख धरला.

दीड वर्षापूर्वी इंद्रजीतचा फोन आला. 'कडबाकुट्टी २' करतोय म्हणाला. प्रणय पुण्याला गेलेला, मोठ्या कामांच्या मागं. मला वाटलं हा आता म्हणेल, या ताई, चूक झाली. तो म्हणाला, "मेकअपला पुण्याची टीम घेतलीय. तुम्ही फक्त रक्ताचं तेवढं प्रमाण पाठवा ना. व्हाट्सअपला टाका."

आता इथं आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. माझी मनकर्णाआत्या काळ्या मसाल्यासाठी अख्ख्या मुकुंदवाडीत नावाजलेली. कुणी प्रमाण विचारलं तर ती नाही म्हणायची नाही. धने किती, खोबरं किती, दगडफूल किती, सगळं घडाघडा सांगायची आणि एक जिन्नस गिळायची. प्रत्येकीला वेगळा जिन्नस. गल्लीतल्या सगळ्याच बायका असं करतात आणि सगळ्यांना ते माहीत आहे. म्हणून आमच्याकडं मसाल्याचं प्रमाण कुणी तोंडी घेत नाही. करणारीच्या समोर पाट टाकून बसायचं आणि डोळ्यांनी बघायचं. समोर बसणाऱ्या बाईपासून मात्र काही लपवायचं नाही, तो मान ठेवायचाच. आत्या म्हणायची, "जो पाटावर बसायला येत न्हाई, त्याच्यासाठी हातचं राखावं." ती मागल्या साली गेली. तिच्या सुनांनी मसाला केला, पण त्याला ती चव नाही. दोघी सुना कधी तिच्यासमोर बसल्या नव्हत्या. बरी अद्दल घडली, असंच तेव्हा मला वाटलं होतं.

इंद्रजीत पाटावर बसायला आला नाही. मी त्याला गूळ लिहिला, बीट लिहिलं, लाल रंग किती चमचे ते लिहिलं, आरारूट लिहिलं. खाली 'शुभेच्छा' लिहिलं. नीळ लिहिली नाही. मेसेज गेला, दोन निळ्या खुणा उमटल्या आणि त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शूटिंग सुरू झालं. ईदच्या आधी निलोफर भुवया करायला पार्लरमध्ये आली. पहिल्या भागात मेली असली तरी दुसऱ्यात तीच मेन रोलला होती, मेलेलीची जुळी बहीण म्हणून. जुळी बहीण निघाल्याशिवाय दुसरा भाग काढायचाच नाही, असा काही कायदा असावा. ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

"ताई, तुम्ही सेटवर का येत नाही?"

"बोलावलं तर येऊ."

"मी बोलते सरांशी. आणि एक विचारू? ते रक्त दिवसा ठीक दिसतं, पण रात्रीच्या लाईटमधे कुछ तो गडबड आहे. पहिल्यासारखं नाही वाटत. काही राहिलं का त्यात?"

दोरा माझ्या दातात होता. मी तो सोडला, तिची भुवई बोटानं ताणली आणि म्हणाले, "कॅमेऱ्यात तसंच दिसतं गं. नंतर कॉम्प्युटरवर रंग सुधारतात."

"मग ठीक. तुम्ही म्हणता तर बरोबरच असणार," ती म्हणाली आणि जाताना माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा पाठवते म्हणाली. पाठवलाही. मी खाल्ला. मला त्यात काही टोचलं असं सांगितलं तर खोटं होईल. माझ्या डोळ्यासमोर फक्त इंद्रजीतचं तोंड होतं.

गेल्या शुक्रवारी, दुपारी बाराच्या खेळाला, त्याच टॉकीजमध्ये दुसरा भाग लागला. मी आबांना घेऊन गेले. लोक हसतील तेव्हा माझ्या बाजूला कुणीतरी आपलं माणूस हवं होतं. आबांनी पांढरा सदरा घातला होता. बाहेर अझहर माईक घेऊन उभा होता. हा गुलमंडीचा, त्याचं सिनेमावरचं चॅनल आहे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारतो, आणि त्याच्या पहिल्या दिवसाच्या व्हिडिओवर शहरात पुढचा आठवडा ठरतो. दुसरा भाग असला की प्रश्न ठरलेला: पहिला का दुसरा? मला बघून त्यानं हात हलवला. मी मनात म्हटलं, थांब, तुला आज मसाला देते.

थेटर गच्च भरलेलं. दोन रांगा पुढं निलोफर आणि तिची आई मेहरुन्निसाबी बसल्या होत्या. दिवे गेले. ह्या वेळी नावं सुरुवातीलाच होती. शेताच्या बांधावरून कॅमेरा हळूहळू जातोय आणि नावं एकेक करून, निवांत, उमटतायत. इंद्रजीतचं. निलोफरचं. मग पूर्ण पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरात आलं:

'रक्त आणि जखमा : विशाखा पुंडलिक खरात'

आबा पुढं वाकले. अक्षर अक्षर जोडत त्यांनी मोठ्यानं वाचलं. 'पुंडलिक' वाचताना थांबले, कारण ते त्यांचंच नाव होतं. नाव तेवढा वेळ थांबलं होतं, त्यांचं वाचून पूर्ण होईपर्यंत. मागून कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या. पहिल्या भागातलं रक्त कुणाचं होतं हे मुकुंदवाडीतल्या पोरांना माहीत होतं.

आबांनी माझा हात धरला. आता हा सिनेमा थांबवायला हवा होता. मी उठून त्या खोलीत जाणार होते का, जिथून सिनेमा दाखवतात? जाऊन काय सांगणार होते?

बाराव्या मिनिटाला पहिला खून झाला. मुसकं बांधलेला तो माणूस अंधारातून आला, हॅलोजनखाली पातं चमकलं आणि पडदाभर केशरी रंग उडाला. मग मागून एक आवाज आला, "अबे, आमरस!" आणि जो हशा उसळला तो थांबेचना. हाच तो हशा. दीड वर्ष मी ह्याच्यासाठी जगत होते.

आबा हसत नव्हते. ते पडद्याकडं डोळे बारीक करून बघत होते. मग माझ्या कानाशी आले. "विशा, नीळ राहिली का गं?"

"न्हाई, आबा."

"इसरली का?"

"इसरले न्हाई."

त्यांनी माझा हात सोडला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पुढं बघत राहिले.

सगळ्यात वाईट गोष्ट अजून पुढंच होती. सिनेमा चांगला होता. मनापासून सांगते, पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला. ह्या वेळी इंद्रजीतनं गोष्ट लिहिली होती. तो मुसकंवाला कोण, त्याला बैलासारखं कुणी जुंपलं, त्याच्या तोंडाला ते कुणी बांधलं, हे सगळं हळूहळू उलगडत होतं. रक्त नसायचं तेव्हा लोक चिडीचूप बसायचे. रक्त आलं की हसायचे.

मध्यंतरात इंद्रजीत आम्हाला शोधत आला. चेहरा उतरलेला. तो आबांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "ताई, नाव बघितलं ना? निलोफर अडून बसली होती. ताईचं नाव पडल्याबिगर मी मरायचा सीन देणार न्हाई म्हणली. वडलांचं नाव बी मधी टाका, ती म्हणली. तुमच्या पार्लरच्या सर्टिफिकेटवर वाचलं होतं तिनं." मग खाली बघत म्हणाला, "रंग तेवढा हुकला आमचा. कॉम्प्युटरवर सुधारायला गेलो तर तोंडं निळी पडायला लागली. तुमचं प्रमाण बरोबरच असणार, आम्हीच कुठंतरी चुकलो."

ह्या माणसानं एकदा तरी माझ्यावर आळ घ्यायला हवा होता. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मध्यंतरानंतर निलोफरचा सीन आला, तोही रात्रीचा. मुसकंवाला तिला यंत्राकडं ओढत नेतो आणि ती ओरडत नाही. ती हात वर करून त्याच्या तोंडाचं मुसकं सोडवते, दोरीची एकेक गाठ. त्याला ओंजळीनं पाणी पाजते. तो पितो. थेटरात श्वास ऐकू येत होता. मग तो तिचा हात यंत्रात घालतो. ती आपल्या हाताकडं बघते, आश्चर्यानं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. असं काम मी शहरात कुणाला करताना बघितलं नव्हतं. आणि गव्हाणीतून केशरी पाक वाहायला लागला.

"गाजर ज्यूस, दस रुपये!" कुणीतरी ओरडलं. अख्खं थेटर फुटलं. दोन रांगा पुढं मेहरुन्निसाबींचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि त्या हसत होत्या. निलोफर त्यांच्याकडं बघत होती.

बाहेर ऊन रणरणत होतं. अझहरभोवती गर्दी. "पहिल्यात दोन रात्री झोपलो नाय, यात दोन तास हसलो." "पहिलाच भारी, हा आमरसाचा सीझन." इंद्रजीत भिंतीला टेकून एकेक उत्तर ऐकत होता. अझहरनं मला बघितलं आणि गर्दीतून वाट काढली.

"आईये ताई, रक्तवाल्या ताई. तुम्हीच सांगा. पहिला का दुसरा?"

वाक्य जिभेवर होतं. पासंगालासुद्धा पुरत नाही. कॅमेरा समोर, इंद्रजीत समोर, सगळं जसं हवं होतं तसंच. आबा माझ्या मागं उभे होते.

"दुसरा," मी म्हणाले.

लोक हसले. मी थांबले नाही. "दुसरा भारी आहे. गोष्ट भारी आहे, निलोफरचं काम भारी आहे. पहिल्यात नुसतं रक्त होतं. ते मी केलेलं होतं, प्रणयनं नाही. त्यात मी नीळ घालायचे, दोन थेंब. माझं नाव लावलं नाही म्हणून ह्या वेळी प्रमाण देताना मी नीळ सांगितली नाही. मुद्दाम. ह्या लोकांचं काही चुकलेलं नाही."

इंद्रजीत भिंतीलगत खाली बसला. मी शिवीची वाट बघत होते, तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. निलोफर आईचा हात धरून पुढं आली.

"ईदच्या आधी मी विचारलं होतं तुम्हाला."

"व्हय."

"तुम्ही म्हणालात, कॅमेऱ्यात तसंच दिसतं."

"व्हय."

"पहिल्यात मी मेले तेव्हा अम्मीनं डोळे झाकून घेतले होते, ताई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आज अम्मी हसली."

तिची आई ओशाळून पदराशी चाळा करत होती. त्या निघून गेल्या. मला त्यांच्या मागं जाता आलं नाही.

अझहरचा माईक अजून माझ्यासमोरच होता. त्याचाही आवाज खाली आला होता. "ताई, नाव सांगा ना. व्हिडिओत खाली पट्टी टाकावी लागते."

"विशाखा," मी म्हणाले. "नुसतं विशाखा टाका."

"पूर्ण सांग," मागून आबा म्हणाले.

मी वळून बघितलं. उन्हात त्यांचा सदरा डोळ्यांना सोसवत नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, माईककडं बघत होते.

"विशाखा पुंडलिक खरात," मी म्हणाले, आणि अझहरला लिहिता यावं म्हणून पुन्हा एकदा, हळूहळू सांगितलं.